लेकराला कोण सांभाळील?

कापूस वेचणीचे दिवस आले. बाया सकाळीच वावरात निघतात. तान्ह्या लेकराला कुठे ठेवावे? वावरात न्यावे तर ऊन, साप, फवारलेले औषध. घरी ठेवावे तर पाहायला कोण?

मग आई मोठ्या मुलीला म्हणते, "आजचा दिवस ऱ्हाय घरी, माय." एका दिवसाचे दहा दिवस होतात. घरात मजुरी येते, पण मुलीची शाळा सुटते.

ही अडचण जुनीच आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालवाडीचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी! पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. धाकटे भावंड पाळणाघरात, मोठी बहीण वर्गात.

२ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने अंगणवाड्या काढल्या. तिथे पैसे पडत नाहीत. तीन ते सहा वर्षांची मुले बसतात, खातात, शिकतात. पण बाया वावरातून परतण्याआधीच अंगणवाडी सुटते. तान्ह्यांचा प्रश्न तर उरतोच.

त्यासाठी केंद्र सरकारची 'पाळणा' योजना आहे. तिच्यात अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येते. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले तिथे राहतात. अशी सोय अजून गावोगाव नाही. आपल्या अंगणवाडीच्या बाईंना विचारावे. ग्रामसभेत मागणी करावी.

तोवर आपण काय करावे? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक चांगली गोष्ट लिहिली होती. कामावर बायांसोबत सहा वर्षांखालची पाच मुले असली, तर एका बाईने ती सांभाळावी, आणि तिला मजुरी मिळावी.

आपणही असेच करू. सहा जणी एकत्र येऊ. पाच जणी वेचायला जातील, एक लेकरे पाहील. तिची रोजी ३०० रुपये धरू. पाच जणींनी वाटून घेतली, तर प्रत्येकीला ६० रुपये पडतील. वावराच्या मालकाने थोडा वाटा उचलला, तर आणखी कमी.

लेकरे सांभाळणे हेही कामच आहे. ते मुलीच्या शाळेवर उधार ठेवू नये.

विचार करा :
१. आपल्या मोहल्ल्यात सहा वर्षांखालची लेकरे किती?
२. त्यांच्यापायी किती मुली घरी राहतात?