‘लवकर’ आणि ‘पुढे’ : इंग्रजीतील काही गतिवाचक शब्द

काही वर्षांपूर्वी आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गातील एका विद्यार्थ्याला नोकरीच्या मुलाखतीचे पत्र आले. तारीख सोमवारची होती. आठवड्याभराने दुसरे पत्र आले. मुलाखत ‘ब्रॉट फॉरवर्ड बाय थ्री डेज’ असल्याचे त्यात कळविले होते. मुलगा पत्र घेऊन आमच्याकडे आला. आम्ही ते घाईघाईत वाचले आणि सांगितले, “तीन दिवस पुढे गेली, गुरुवारी जा.” तो गुरुवारी गेला. मुलाखती आधीच्या शुक्रवारीच आटोपल्या होत्या. चूक त्या मुलाची नव्हती, शिकविणाऱ्या आमची होती. हा लेख लिहिण्याचे कारणही तेच.

मराठीत तारीख ‘पुढे’ गेली म्हणजे ती लांबली. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे तारीख अलीकडे आणणे. लांबविण्याला ‘पोस्टपोन’, ‘पुट ऑफ’ किंवा ‘पुट बॅक’ म्हणतात. यातला ‘बॅक’ दिसला की आपल्याला तारीख मागे आली असे वाटते, पण तेथेही अर्थ उलटाच आहे. ‘मूव्ह फॉरवर्ड’ याबाबत तर खुद्द इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचेही एकमत होत नाही. कोणी तारीख अलीकडे आली असे समजतो, कोणी पलीकडे गेली असे. म्हणून असे पत्र हाती आले की शब्दावर विसंबू नये, नवी तारीख व वार विचारून घ्यावा. आपल्याकडचा ‘प्रीपोन’ हा शब्द ‘पोस्टपोन’च्या उलट अर्थाने भारतात रूढ झाला. पुष्कळ शिक्षक त्याला नाक मुरडतात. आम्हाला तो आवडतो, कारण त्यात घोटाळा नाही. आता इंग्रजी शब्दकोशांनीही त्याची नोंद घेतली आहे. मात्र परदेशी पत्र लिहायचे असेल तर तो तेथे समजेलच असे नाही.

आता ‘लवकर’ हा शब्द घेऊ. आपण एका ‘लवकर’वर तीन कामे भागवतो. आई मुलाला “लवकर ये” म्हणते, तेव्हा तिच्या मनात तीनपैकी एक गोष्ट असते. थोड्याच वेळात ये, हे ‘सून’. नेहमीच्या वेळेआधी ये, हे ‘अर्ली’. रेंगाळू नकोस, झटपट ये, हे ‘क्विकली’. विद्यार्थी मात्र तिन्ही ठिकाणी ‘फास्ट’ लावून मोकळे होतात. “आय गेट अप फास्ट” म्हणजे पहाटे उठणे नव्हे, अंथरुणातून ताडकन उठणे. पहाटे उठणाऱ्याने “आय गेट अप अर्ली” म्हणावे.

‘फास्ट’ आणि ‘क्विक’ यांतही फरक आहे. ‘फास्ट’ हा धावण्याचा वेग आहे: फास्ट लोकल, फास्ट बोलर. ‘क्विक’मध्ये थोडक्या वेळात काम उरकण्याचा अर्थ आहे: क्विक आन्सर, क्विक बाथ. ‘फास्ट बाथ’ कोणी म्हणत नाही. ‘क्विक’ला ‘ली’ लागून ‘क्विकली’ होते, म्हणून मुले ‘फास्टली’ करतात. तो शब्द प्रमाण इंग्रजीत चालत नाही. “ही रन्स फास्ट” एवढेच बरोबर. ‘फास्ट’चा जुना अर्थ तर घट्ट, पक्का असा होता, न जाणाऱ्या रंगाला ‘फास्ट कलर’ आणि गाढ झोपलेल्याला ‘फास्ट अस्लीप’ म्हणतात ते त्यामुळेच. ‘क्विक’चा जुना अर्थ जिवंत. पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’, म्हणजे जिवंत चांदी, हे नाव त्यातूनच पडले.

‘रॅपिड’ बहुधा वाढ, बदल, प्रगती यांना लागतो. ‘स्पीडी’ काही ठरलेल्या जोड्यांतच शोभतो. आजाऱ्याला आपण ‘स्पीडी रिकव्हरी’ चिंतितो आणि न्यायालयात ‘स्पीडी ट्रायल’ मागतो. ही दुसरी जोडी नुसती पुस्तकी नाही. बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या गरीब कैद्यांच्या बाबतीत, हुसैनआरा खातून प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली ‘स्पीडी ट्रायल’ हा संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातील हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. ‘हेस्टी’चा अर्थही जलद असाच, पण त्यात उतावळेपणाचा दोष आहे. “आय टेक हेस्टी डिसिजन्स” हे मुलाखतीत सांगणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

मुलाखतीत हमखास येणारे वाक्य म्हणजे “मला आयुष्यात पुढे जायचे आहे.” याचे “आय वाँट टू गो अहेड इन लाइफ” असे भाषांतर होते, ते बरोबर नाही. ‘गो अहेड’ म्हणजे परवानगी: हं, करा सुरुवात. इतरांच्या पुढे निघण्याला ‘गेट अहेड’ म्हणतात. ‘प्रोग्रेस’ला ‘डू’ लावू नये, ‘मेक प्रोग्रेस’ म्हणावे. आणि त्याचे अनेकवचन करू नये.

शेवटी अर्जाविषयी. जात पडताळणीचे प्रमाणपत्र रखडले आणि प्रवेशाची मुदत संपत आली की पालक आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. घरून आणलेल्या कच्च्या अर्जात पुष्कळदा “प्लीज हरी अप” असते. ‘हरी अप’ हे बरोबरीच्या किंवा लहान माणसाला म्हणावयाचे असते. अधिकाऱ्याला ते हुकमासारखे लागते, आणि रखडलेल्या कागदाला आणखी एक निमित्त मिळते. येथे ‘एक्स्पेडाइट’ हवा. तो माणसाला लागत नाही, कामाला लागतो. शब्द लॅटिनमधला आहे. त्याच्या पोटात पाय आहे, आणि मूळ अर्थ अडकलेला पाय मोकळा करणे असा. त्याच्या उलट ‘इम्पीड’, म्हणजे पायात खोडा घालणे. ‘एक्स्पेडाइट’पुढे पुन्हा ‘फास्ट’ जोडण्याची गरज नाही. अर्जाचे वाक्य असे लिहावे: “आय रिक्वेस्ट यू टू काइंडली एक्स्पेडाइट द मॅटर, अ‍ॅज द लास्ट डेट फॉर अ‍ॅडमिशन इज...” आणि त्यापुढे तारीख आकड्यात, महिन्याचे नाव अक्षरात.