जुनी बुलेट मिसिंग करते? आधी करंट, मग कार्बोरेटर

१९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेली ३५० सी.सी.ची बुलेट आजही अनेक घरांत जपून ठेवलेली आढळते. या जुन्या, पॉइंटवाल्या गाडीचे काम ज्याला येते, त्याच्याकडे गिऱ्हाईक लांबूनही येते. मात्र एका तक्रारीवर भलेभले मिस्त्री अडकतात : इंजिन एकसारखे चालत नाही. कधी झटके मारते, कधी पिकअप घेत नाही, कधी स्लोवर बंद पडते.

अशा वेळी पहिला हात कार्बोरेटरला जातो. जेट बदलतात, स्क्रू फिरवतात. दोष करंटमध्ये असेल तर तो तसाच राहतो आणि कार्बोरेटरची बसलेली सेटिंगही जाते. म्हणून करंट, हवा, पेट्रोल हा क्रम ठेवावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

१) आधी विचारा, मग खोला
दोष इंजिन थंड असताना येतो की गरम झाल्यावर? स्लोवर की वेगात? मग गाडी चालवून इंजिन एकदम बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. तेलकट ओला असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडकडे लक्ष द्यावे.

२) करंट
प्लगची गॅप सुमारे ०.५ मि.मी. आणि पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवावी. स्विच चालू करून किक हळू फिरवावी. पॉइंट मिटले की अॅमीटरचा काटा वजाकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. तो हलत नसेल तर बॅटरी, वायर आणि पॉइंट आधी पाहावेत. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या पडत असतील, ते वारंवार जळत असतील, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर मिसिंग, ही खूण कंडेन्सर किंवा कॉइलची असते. खात्रीचा दुसरा लावून पाहावा.

टायमिंग, ऑटो अॅडव्हान्स मिटलेला असताना, पिस्टन वरच्या टोकाला येण्याआधी ०.८ मि.मी.वर असावे. अॅडव्हान्सचे वजन जाम असेल किंवा स्प्रिंग ढिली असेल, तर कितीही ट्यूनिंग केले तरी स्लो टिकत नाही.

३) टॅपेट आणि हवा
टॅपेट इंजिन थंड असतानाच, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले ठेवून लावावेत. पुशरॉड बोटाने सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. टॅपेट फार घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन जाते.

कार्बोरेटर आणि हेडमधल्या जोडाला इंजिन चालू असताना ग्रीस लावावे. आवाज बदलला तर तेथून हवा घेत आहे असे समजावे. पॅकिंग बदलावे.

४) शेवटी पेट्रोल
थोडे अंतर धावून गाडी बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा चालू होते, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असते. टाकीतला गंज आणि फिल्टरही पाहावा. आज पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते पाणी ओढते आणि जुने रबर फुगवते. उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी व फ्लोटची वाटी रिकामी करून पाहावी.

मग अॅक्सिलेटरच्या मुठीवर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करून गाडी चालवावी. स्लोपासून पावाच्या आत दोष असेल तर पायलट जेट व हवेचा स्क्रू, पाव ते पाऊणपर्यंत नीडल, त्यापुढे मेन जेट. स्लाइड झिजली असेल तर स्लो कधीच स्थिर होत नाही.

हिशेब चोख ठेवा
काय बदलले ते वहीत लिहावे आणि काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. जुने अस्सल भाग सहज मिळत नाहीत. चांगला कार्बोरेटर भंगारात टाकून नवा बसवला आणि दोष मात्र पाच मिनिटांच्या पॉइंटमध्ये निघाला, तर गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि आपल्या गॅरेजचे नावही.