कापड आधी, चित्र नंतर

चि. सई हिस,


वस्तीतल्या बायकांना सोबत घेऊन जुन्या कपड्यांतून नवे कपडे करायचं तू ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. पाठवलेली कपड्यांची चित्रं सुंदर आहेत, पण आत्ता बाजूला ठेव. ताग्यातून कापताना चित्र आधी चालतं. वापरलेलं कापड मात्र आपलं म्हणणं मांडतं. शर्टाची कॉलर झिजते, काखा विरतात, पाठ शाबूत राहते. पँट गुडघ्यांत आणि बैठकीत जाते. साडी टाचेपाशी, निऱ्यांच्या खाली फाटते आणि पदर बहुधा टिकून राहतो. जे शाबूत आहे त्याच्या मापानं कपडा सुचू दे.

हे शिकायला बोहारणीकडे जा. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या या बायका, मुंबईत बहुतेक वाघरी समाजातल्या. पुन्हा घालण्याजोगं कोणतं, गॅरेजात पुसायला जाईल ते कोणतं, निव्वळ चिंधी कोणती, हे त्या हात लावताच सांगतात. त्यांचा वेळ घेतलास तर पैसे दे. सुती की टेरिकॉट असा संशय आला तर धागा जाळून बघ: सुताची राख होते, टेरिकॉटमधल्या पॉलिएस्टरची कडक गोळी.

वस्तीत गोधडी शिवणाऱ्या बायका असतील. त्यांना तुझ्या नमुन्यावर नुसता धावदोरा घालायला बसवू नकोस. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, पाहा. जुन्याच कपड्यांच्या, कडेपासून मध्याकडे शिवत नेलेल्या. चारही कोपऱ्यांवर त्या ‘फुला’ नावाचे त्रिकोणी तुकडे लावतात; त्यांच्याशिवाय कवंद त्यांना उघडीच वाटते. ते कुठल्या डिझायनरनं सांगितलेलं नाही. रंग कुठे, ठिगळ कुठे, हे तुझ्या बायकांनाही ठरवू दे, आणि वस्तूवर त्यांची नावं त्यांना विचारून घाल.

दानाची भाषा तर अजिबात नको. अंशू गुप्तांनी १९९९ साली ‘गूंज’ ही संस्था सुरू केली. तिच्या कामात गावकरी विहीर, रस्ता असं गावचं काम स्वतः ठरवतात, श्रम करतात, आणि कपडे त्यांना मोबदला म्हणून मिळतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही, हे मला त्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं.

एक गोष्ट तुला कदाचित आवडणार नाही. प्रदर्शनासाठी पिशव्या शिवण्याआधी वस्तीत दुरुस्तीचं शिलाई मशीन लाव. चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, मोठ्याचा शर्ट धाकट्याच्या मापाचा करणं. शर्ट आणखी दोन वर्षं अंगावर राहिला तर जेवढं वाचतं, तेवढं त्याची पिशवी करून वाचत नाही. आणि माल कमी पडला म्हणून नवं कापड आणून त्याला जुन्याचं रूप देऊ नकोस. ऑर्डर सोडून दे.

किंमत ठरवताना उसवणं, धुणं, वाळवणं, निवडणं हे सारे तास मजुरीत धर. शिवण्यापेक्षा त्यातच वेळ जास्त जातो आणि तोच फुकट धरला जातो. हिशेब मांडलास की मला पाठव, मी तपासून देते.

तुझी,
आत्या