कासव घ्यायचंय? आधी कागद बघा, मग किंमत

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव अमेरिकेत पाळीव जोडीपासून जन्मलेलं पिल्लू म्हणून साधारण तीनशे ते पाचशे डॉलरला मिळतं. तेच कासव भारतात कोणी हजार-दोन हजारांत हातात ठेवलं, तर घेणारा आणि देणारा दोघेही वन्यजीव कायद्याचे आरोपी ठरतात. ते आता कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याची शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. कासवाच्या बाजारभावाबद्दल काहीही वाचण्याआधी हे लक्षात ठेवावं, कारण कासवाची किंमत ठरवण्यात त्याच्या रूपाइतकाच, किंबहुना जास्तच, वाटा त्या देशातल्या कायद्याचा असतो.

दुसरा वाटा पैदाशीचा. जी जात माणसाच्या अंगणात सहज अंडी घालते ती स्वस्त, जी घालत नाही ती महाग. आणि तिसरी गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही: कासवाची खरेदी हा त्याच्यावरचा सगळ्यात छोटा खर्च आहे. पहिल्या वर्षातच तो मागे पडतो.

ब्रिटनमधल्या मराठी घरांत मुलं कासवाचा हट्ट धरतात यात नवल नाही. तिथे ही रीत जुनी आहे. निसर्गलेखक गिल्बर्ट व्हाइट यांच्याकडे आलेलं टिमथी नावाचं कासव त्यांच्या नातलगांनी अठराव्या शतकात एका खलाशाकडून अर्ध्या क्राउनला घेतलं होतं, असं सांगतात. विसाव्या शतकात भूमध्य समुद्राच्या काठावरून ब्रिटनमध्ये इतकी कासवं बोटीने आली की ती मंडईत, खोक्यांत एकावर एक रचून, कवडीमोलाने विकली जात. पहिल्याच हिवाळ्यात बहुतेक मरत. 1984 मध्ये युरोपीय समुदायाने या जातींची व्यापारी आयात बंद केली. तेव्हापासून बाजारात असायला हवीत ती तिथेच जन्मलेली पिल्लं, आणि म्हणून भावही चढले. आज ब्रिटनमध्ये हर्मन किंवा हॉर्सफिल्ड जातीचं पिल्लू साधारण शंभर ते दोनशे पौंडांच्या घरात असतं.

या दोघांत भाव जवळपास सारखा असला तरी कागद सारखे नाहीत. हॉर्सफिल्डला विक्रीसाठी प्रमाणपत्र लागत नाही. हर्मनला लागतं. ब्रिटनमध्ये त्याला 'आर्टिकल टेन' प्रमाणपत्र म्हणतात आणि ते नसेल तर विक्री बेकायदा. प्रमाणपत्र हातात घेऊन वाचा. त्यावर जातीचं शास्त्रीय नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जनावराच्या शरीरात चिप असेल तर तिचा क्रमांक असतो. पोटाकडचं कवच पुरेसं वाढेपर्यंत पिल्लाला चिप बसवत नाहीत. अशा बिनचिपेच्या पिल्लाचं प्रमाणपत्र बहुधा त्या विक्रेत्यापुरतंच असतं. उद्या तुम्हाला ते विकायचं झालं तर चिप बसवून नवं प्रमाणपत्र काढावं लागेल. "कागद नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पन्नास पौंड वाचतील आणि कासव जप्त होईल.

आता घरचा खर्च. काचेच्या टाकीपेक्षा उघडं लाकडी टेबल बरं, कारण कासवाला काच कळत नाही, ते दिवसभर तिला धडका देत बसतं. टेबल, माती, दिवा, तापमापक असं सगळं धरून दोन-तीनशे पौंड लागतात, म्हणजे जनावरापेक्षा जास्त. दिवा ऊब देणारा तर हवाच, पण अतिनील किरणंही देणारा हवा. ती किरणं नसतील तर पिल्लाचं कवच मऊ पडतं, पाय वाकडे होतात. इथे बरेच जण फसतात: बल्ब जळत असतो, उजेड पडत असतो, पण त्यातली अतिनील किरणं सहा महिने ते वर्षभरात कमी झालेली असतात. डोळ्याला ते दिसत नाही. म्हणून बल्बवर पेनाने तारीख लिहून ठेवावी आणि मुदत झाली की चालू असला तरी बदलावा. शंभर वॉटचा दिवा दिवसाला बारा तास म्हणजे 1.2 युनिट. युनिटला 25 पेन्स धरले तर दिवसाला 30 पेन्स, वर्षाला शंभर पौंडांच्या वर.

थंडीत या जाती झोपतात आणि तिथले जाणते पाळणारे त्यांना चक्क फ्रिजमध्ये ठेवतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण गॅरेजमध्ये ठेवण्यापेक्षा ते सुरक्षित आहे. तापमान पाच अंशांच्या आसपास स्थिर राहायला हवं. शून्याखाली गेलं तर डोळ्यांना इजा होते, दहाच्या वर गेलं तर कासव अर्धवट जागं होऊन अंगातली साठवण जाळतं. भोकं पाडलेल्या खोक्यात कासव, खोक्यात तापमापकाची तार, रोज थोडा वेळ दार उघडून आत ताजी हवा, आणि दर आठवड्याला वजन. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर त्याला उठवायचं. यासाठी स्वतंत्र छोटा फ्रिज लागतो. झोपवण्याआधी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडून तपासणीही लागते. असा डॉक्टर प्रत्येक गावात नसतो. कासव घेण्याआधी तो शोधून ठेवा.

खाण्याचा खर्च मात्र नगण्य. अंगणातलं डँडेलियन, प्लँटेगो ही रानटी वनस्पती, कुंपणावरची पानं पुरतात. पोळी, भात, फळांच्या फोडी प्रेमाने घालू नका. पालकही रोज नको, त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे अंगी कॅल्शियम लागत नाही.

अमेरिकेत स्वस्तातलं कासव सगळ्यात महाग पडतं. सहारा वाळवंटाच्या कडेचं सुल्काटा तिथे भरमसाट पैदा होतं. मुठीत मावणारं पिल्लू पन्नास ते दीडशे डॉलरला मिळतं. दहा-पंधरा वर्षांत तेच चाळीस-पन्नास किलोचं होतं, जमिनीत खोल बिळं खणतं, कुंपण उखडतं. ते हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून न्यू जर्सीसारख्या ठिकाणी त्याला महिनोन्‌महिने तापवलेली खोली लागते. ॲरिझोनात सोडून दिलेल्या सुल्काटांनी आश्रयघरं भरली आहेत. तिथून मोठं कासव नाममात्र शुल्कात मिळतं. ज्यांच्याकडे उष्ण हवा आणि मोठं अंगण आहे त्यांनी पिल्लू विकत न घेता तेच आणावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲरिझोनातच तिथली वाळवंटी कासवं राज्याच्या 'गेम अँड फिश' विभागामार्फत दत्तक दिली जातात. ते विकायचं नाही, राज्याबाहेर न्यायचं नाही. नोकरीमुळे दर दोन वर्षांनी शहर बदलणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

अमेरिकेत आणखी एक नियम आहे. चार इंचांपेक्षा लहान कवचाचं कासव पाळण्यासाठी विकायला 1975 पासून बंदी आहे, कारण लहान मुलं ते तोंडात घालायची आणि साल्मोनेलाने आजारी पडायची. शिक्षण-संशोधनासाठी सूट असल्यामुळे काही विक्रेते पावतीवर तसं छापून पळवाट काढतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर ही पळवाट तुमच्या उपयोगाची नाही. कुठल्याही देशात, कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि त्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासायचं नाही.

जर्मनीत हर्मनची पिल्लं बागेत पैदास करणाऱ्यांकडून ब्रिटनपेक्षाही स्वस्त मिळतात. मादी नराहून महाग असते. अंड्यातलं पिल्लू नर होणार की मादी हे उबवतानाच्या तापमानावर ठरतं, पण बाहेरून ते कळायला काही वर्षं जातात, म्हणून "खात्रीची मादी" म्हणून विकलेल्या पिल्लाला जास्त पैसे देऊ नका. तिथे लहान कासवाला चिपेऐवजी पाठ-पोटाचे मोजपट्टीसह फोटो लागतात. ते ठरावीक काळाने नवे काढायचे असतात. ऑस्ट्रेलियात जमिनीवरचं परदेशी कासव पाळायला मिळतच नाही. न्यू साउथ वेल्समध्ये गोड्या पाण्यातलं देशी कासव परवान्यावर पाळता येतं. जपानमध्ये जत्रेत काहीशे येनला मिळणाऱ्या लाल कानाच्या कासवाची विक्री जून 2023 पासून बंद झाली. पाळलेलं ठेवता येतं, पण नदीत सोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 30 लाख येनपर्यंत दंड.

काही कासवांची किंमत विचारूच नये. मादागास्करच्या अंगोनोका कासवाला चोरबाजारात अफाट भाव आहे आणि जंगलात ती फार थोडी उरली आहेत. मार्च 2013 मध्ये बँकॉकच्या विमानतळावर एकाच वेळी 54 अंगोनोका पकडली गेली. शेवटी संवर्धन करणाऱ्यांनी जिवंत कासवांच्या पाठीवर मोठे आकडे कोरले. कवचाची शोभा गेली की शौकिनाला ते नकोसं होईल, हाच त्यामागचा हेतू. त्याच देशात तोलियारा शहरातल्या एका घरात एप्रिल 2018 मध्ये सुमारे दहा हजार रेडिएटेड कासवं सापडली, अन्नपाण्याविना. अशी जात कुठे कागदाविना स्वस्त दिसली, तर ती अशाच एखाद्या घरातून आलेली असण्याची शक्यता धरून चाला.

आपल्याकडे वळू. आपल्या देशातलं कुठलंही कासव, स्टार असो की तळ्यातलं मऊ पाठीचं, विकत घेऊन पाळण्याचा विचार सोडून द्या. वास्तूसाठी पितळेचं कासव ठेवा, हवं तर पाण्याच्या ताटलीत. वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो म्हणून लाखांत व्यवहार करणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात पकडल्या गेल्या आहेत. घेणाऱ्याचे पैसे जातात आणि कासवाचा जीव.

दुकानांत काहीशे रुपयांना मिळणारी हिरवी पिल्लं अमेरिकेतल्या लाल कानाच्या कासवाची असतात. ती पकडली जाण्याची भीती नाही म्हणून लोक घेतात. चार सेंटिमीटरचं पिल्लू बशीएवढं, पुढे ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. त्याला मोठी टाकी, गाळणी, बसायला कोरडी जागा आणि तोच अतिनील दिवा लागतो. चांगली व्यवस्था पंधरा-वीस हजारांच्या आत होत नाही. मग वास यायला लागला की ते देवळाच्या तळ्यात सोडलं जातं आणि तिथल्या देशी कासवांच्या जागेवर, खाण्यावर हक्क सांगतं. हे पिल्लू घेऊ नका, वाढदिवसाची भेट म्हणून तर मुळीच नको. आधीच घरात असेल तर तळ्यात सोडू नका, शेवटपर्यंत सांभाळा. परदेशी संरक्षित जातीचं कासव जवळ असेल तर केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी करा. परदेशातून कायमचं परत येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की कुत्र्या-मांजरासारखं कासव सामानासोबत आणता येत नाही. पन्नास वर्षं जगणारं जनावर घेताना तुमच्यामागे ते कोण सांभाळणार, हे त्याच दिवशी ठरवा.

आणि महाराष्ट्रात कुठे स्टार कासव विकायला ठेवलेलं दिसलं, तर दया येऊन विकत घेऊ नका, त्याने पुढचं कासव पकडलं जातं. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच फोन करा.