बारकोड बांगडीसारखा नको गं

अगं, रात्री साडेअकराला तुझा रडवेला फोन आला आणि मला हसूच आलं. रागावू नकोस. रक्त तपासायच्या लॅबमध्ये 'लिम्स', म्हणजे नमुने नि रिपोर्ट सांभाळणारी संगणक प्रणाली, बसवायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, कंपनीचा माणूस "दोन दिवसांत चालू होईल" म्हणाला होता आणि आता तिसरा आठवडा चाललाय. खरं सांगू का, माझ्याही वेळी असंच झालं होतं.

मी तर बारकोडचं लेबल नळीभोवती बांगडीसारखं गुंडाळलं होतं. छान दिसतंय म्हणून चाळीस नळ्यांना तसंच! स्कॅनरनं एकही वाचलं नाही. रेघा वळल्या की त्याला अख्खा कोड दिसतच नाही. लेबल नळीच्या लांबीला धरून लाव, आणि नळी फ्रीजमधली ओली असेल तर आधी पुसून घे.

पण खरी मेख वेगळीच आहे, बघ. तुमच्या लॅबमधले जुने काका वहीत प्लेटलेट '2.5 लाख' लिहितात. मशीन मात्र हजारांत मोजतं, म्हणून 250 पाठवतं. जोडणीत एकक चुकलं, तर रिपोर्टवर नुसते 250 छापले जातील आणि घरचे घाबरून पेशंटला घेऊन थेट मुंबईची गाडी धरतील. ही चूक काकांना बघताक्षणी कळेल, इंजिनिअरला नाही. तेव्हा त्यांना "तुम्हाला जमणार नाही" असं चुकूनही म्हणू नकोस. शेजारी स्टूल टाकून एक अख्खी सकाळ बस. वहीच्या समासात ते लाल खूण करतात ना? विचार कशाची ते. 'पुन्हा तपासा'ची असेल आणि पडद्यावर तशी सोय नसेल, तर ते वही सोडणारच नाहीत. मीही सोडली नसती.

पंधरा दिवस वही आणि संगणक दोन्ही चालू दे, रोज दहा रिपोर्ट ताडून बघ. डबल काम म्हणून सगळे कुरकुरतील, कुरकुरू देत.

आणि कागद पार हद्दपार करू नकोस गं. 3 जून 2020चं निसर्ग वादळ आठव. आपल्या केळशीत माड-पोफळी आडव्या, कितीतरी दिवस वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. तेव्हा कुठलं लिम्स नि कुठलं काय! क्रमांक घातलेले कोरे फॉर्म कपाटात असू देत, म्हणजे वीज आल्यावर नोंदी भरताना सरमिसळ होणार नाही.

आता झोप. उद्या काकांसाठी डब्यात आंबापोळी टाक, आणि स्टूल तूच ओढ.