ऋतू तशी टोपी

मुलांनो, घराबाहेर पडताना तुम्ही पायांत चप्पल घालता. त्याची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. मग भर दुपारी शाळेतून घरी येताना डोके उघडे का असते? "टोपी घातली की मित्र हसतात," असे काही जण सांगतील. "टोपी फक्त कार्यक्रमात घालायची असते," असे दुसरे कुणी म्हणेल. काही टोप्या मानासाठी असतात, हे खरेच आहे. लग्नातला फेटा आणि नमाजाच्या वेळची जाळीदार टोपी या मानाच्या वस्तू आहेत. पण काही टोप्या ऊन, पाऊस आणि थंडी यांच्यासाठी असतात. या पाठात आपण त्यांची माहिती घेऊ.

आपल्या नाशिक जिल्ह्याचे हवामान पाहा. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला मालेगावात तो सुमारे ५०० मिलिमीटरच असतो. निफाडला हिवाळ्यात पारा अनेकदा ५ अंशांच्या खाली उतरतो. मालेगावात उन्हाळ्यात तोच पारा ४२ अंशांच्या पुढे चढतो. जिल्हा एकच, पण ऋतूंची रूपे किती निराळी! एकच टोपी या सगळ्यांना कशी पुरेल?

म्हणूनच आपल्या भाषेत डोक्यावर घालायच्या वस्तूंना पुष्कळ नावे आहेत. टोपी, पगडी, फेटा, मुंडासे, रुमाल, कानटोपी ही त्यांतली काही. यांतले काही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. 'टोपी' हा शब्द उर्दूतही आहे. 'रुमाल' हा शब्द फारसीतून आला. 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा. मराठीत मात्र डोक्याला बांधायच्या मोठ्या कापडालाही रुमाल म्हणतात. फेट्याचे एक टोक पाठीवर सोडतात. त्याला मराठीत 'शेमला' म्हणतात. उर्दूतला 'शमला' तो हाच.

प्रथम उन्हाळ्याचा विचार करू. आपले शरीर घाम गाळून स्वतःला थंड ठेवते. घाम वाळतो तेव्हा तो अंगातली उष्णता घेऊन जातो. पण ऊन फार कडक असेल, पाणी कमी प्यायलेले असेल आणि काम चालूच असेल, तर शरीराची ही युक्ती अपुरी पडते. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. तरीही माणूस उन्हातच राहिला, तर त्याच्या शरीराचे तापमान ४० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. तो असंबद्ध बोलू लागतो, बेशुद्ध पडतो. यालाच उष्माघात म्हणतात. उष्माघाताने माणूस दगावू शकतो.

नाशिकच्या पूर्व भागात मार्च ते मे या महिन्यांत उन्हाळ कांद्याची काढणी चालते. द्राक्षबागेत वेलींची थोडी तरी सावली मिळते. कांद्याच्या शेतात तीही नसते. वाकून कांदा उपटायचा, पात कापायची आणि ढीग लावायचे, असे काम तासन्‌तास करावे लागते. वाकल्यामुळे ऊन सरळ मानेवर येते. म्हणून शेतातल्या बायका साडीवर पुरुषी सदरा चढवतात आणि डोके, कान व मान कापडाने घट्ट झाकून घेतात. पुरुष टोपीखाली पंचा घेतात आणि त्याचे टोक मानेवर सोडतात. दिसायला साधी अशी ही सवय अनुभवातून आलेली आहे.

आता थोडे दूर जाऊ. तुम्ही चित्रपटात रुंद काठाची, मध्ये खोलगट असलेली हॅट पाहिली असेल. १९७५ च्या 'काला सोना' या चित्रपटाचे नायक फिरोज खान अशा वेशासाठी प्रसिद्ध होते. तिला काउबॉय हॅट म्हणतात. काउबॉय म्हणजे गुराखी! अमेरिकेच्या पश्चिम भागातले गुराखी दिवसभर घोड्यावर बसून गुरांचे कळप हाकत. तिथे मैलोन्‌मैल झाड नसे. शेजारच्या मेक्सिकोतले गुराखी रुंद काठाची 'सोम्ब्रेरो' नावाची हॅट घालत. स्पॅनिश भाषेत 'सोम्ब्रा' म्हणजे सावली. १८६५ मध्ये जॉन स्टेटसन यांनी फिलाडेल्फिया शहरात हॅट बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यांनी नमद्याची रुंद काठाची हॅट बनवली आणि ती गुराख्यांमध्ये फार लोकप्रिय झाली. उन्हात ती सावली देई, पावसात तिच्या काठावरून पाणी ओघळून जाई. म्हणजे आज शौकाची वाटणारी ही हॅटसुद्धा मुळात कष्टकऱ्यांचीच होती. हे लोक उन्हाळ्यात हवा खेळती ठेवणारी गवती हॅट घालतात आणि थंडीत नमद्याची.

आपल्याकडेही आता बाजारात गवती आणि कापडी हॅट सहज मिळतात. त्या निवडताना चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट काठाची. काठ चारही बाजूंनी सुमारे ७ ते ८ सेंटिमीटर रुंद हवा. पुढे झडप असलेली क्रिकेटची टोपी कपाळावर सावली देते, पण कान आणि मान उघडीच राहतात. पांढऱ्या गांधीटोपीला तर काठच नसतो. ती हलकी असते, रोज धुता येते, पण उन्हात तिच्याखाली पंचा घ्यावाच लागतो.

दुसरी गोष्ट विणीची. हॅट उजेडासमोर धरा. काठातून उजेडाचे पुष्कळ ठिपके दिसले, तर ऊनही तिथूनच येणार. काठाची वीण घट्ट हवी. हवेसाठी डोक्याच्या बाजूला लहान छिद्रे असली म्हणजे पुरे.

तिसरी गोष्ट मापाची. कपाळ आणि कानांच्या थोडे वरून डोक्याभोवती फीत फिरवून माप घ्या. हॅट घातल्यावर कपाळाशी एक बोट सहज शिरले पाहिजे. घट्ट हॅटने डोके दुखते. सैल हॅट वाऱ्याने उडते. ती पकडायला रस्त्यावर धावणे तर फारच धोक्याचे! म्हणून हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली हॅट चांगली.

चौथी गोष्ट रंगाची. काळा रंग उष्णता शोषून घेतो. उन्हासाठी फिका रंग बरा.

हॅट वापरण्याचीही रीत असते. ती वरच्या टोकाला चिमटीत धरून उचलू नये, तिथे ती चिरते. टेबलावर ठेवताना उलटी ठेवावी, म्हणजे काठ वाकत नाही. भिजलेली हॅट विस्तवाजवळ न ठेवता सावलीत वाळवावी. आतली पट्टी घामाने मळते, ती अधूनमधून ओल्या फडक्याने पुसावी.

पण एक गोष्ट विसरू नका. टोपी म्हणजे फक्त सावली. ती पाण्याची किंवा विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही. इंग्रजांच्या काळची गोष्ट ऐका. नाशिकजवळ देवळालीला इंग्रज सैनिकांची मोठी छावणी होती. मायदेशी जाणारे सैनिक इथे जहाजाची वाट पाहत थांबत. उकाडा, आजार आणि रिकामपण यांनी काही जण सैरभैर होत. त्यावरून इंग्रजीत 'डुलाली' हा शब्द आला. डुलाली म्हणजे देवळाली! पुढे 'तप' जोडून 'डुलाली तप' असेही म्हणत. 'तप' म्हणजे ताप, हे तुम्हांला सांगायला नकोच. हिंदुस्थानचे ऊन कवटीतून थेट मेंदूत शिरते, अशी तेव्हा इंग्रजांची समजूत होती. म्हणून ते पाणवनस्पतीच्या भेंडापासून बनवलेली हलकी, जाड 'सोला टोपी' घालत. टोपी चांगली होती, समजूत मात्र खरी नव्हती. ऊन मेंदूत शिरत नाही. सगळे शरीरच तापते.

आपल्याकडेही अशी एक समजूत आहे. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे म्हणतात. कांदा जेवणात जरूर खावा. पण खिशातला कांदा काही डोक्यावर सावली धरत नाही! दुपारी १२ ते ३ या वेळात उन्हातले काम टाळावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. कुणाला उष्माघात झाला, तर त्याला ताबडतोब सावलीत न्यावे. कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

आता पावसाळा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत भाताची लावणी भर पावसात होते. लावणी करताना दोन्ही हात चिखलात असतात. मग छत्री कोण धरणार? म्हणून लोक इरले वापरत आले. इरले बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे असते. ते डोक्यावर घेतले की वाकलेल्या माणसाची पाठही झाकली जाते. आता पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आहे, पण युक्ती तीच आहे.

हिवाळ्यात निफाडच्या शेतकऱ्यांना पहाटे बागेत जावे लागते. कडाक्याच्या थंडीत द्राक्षमणी तडकू नयेत, म्हणून ते बागेत शेकोट्या पेटवतात. अशा वेळी रुंद काठाची हॅट काय कामाची? तिथे लोकरीची कानटोपीच हवी. गार वारा कानांनाच आधी झोंबतो. मात्र एक काळजी घ्या. सायकल किंवा मोटारसायकल चालवताना कानटोपीने कान इतके झाकू नका, की मागच्या गाडीचा आवाजही ऐकू येणार नाही. मोटारसायकलवर तर हेल्मेटच हवे.

मुलांनो, गुराख्याची हॅट, लावणीचे इरले आणि पहाटेची कानटोपी या तिन्ही वस्तू दूरदूरच्या आहेत. पण तिन्हींच्या मागे एकच विचार आहे. ऋतू पाहा, काम पाहा आणि मग टोपी निवडा. तुमच्या घरातले किंवा गल्लीतले कुणी उन्हात काम करत असेल. कुणी हातगाडी ओढत असेल, कुणी विटा वाहत असेल. त्यांच्या डोक्यावर काही आहे का, ते आज पाहा. नसेल तर घरातला एक जुना सुती पंचा ओला करून त्यांना द्या. आणि उद्या दुपारी शाळेतून निघताना आपलेही डोके झाका. मित्र हसले, तर त्यांना हा पाठ वाचून दाखवा.

शब्दार्थ
नमदा – लोकर किंवा केस दाबून केलेले जाड कापड
असंबद्ध – अर्थाचा मेळ नसलेले
दगावणे – मरण पावणे
सैरभैर होणे – मन ठिकाणावर नसणे
भेंड – पाणवनस्पतीच्या खोडातला पांढरा, हलका भाग
कामट्या – बांबूच्या पातळ पट्ट्या

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'सोम्ब्रा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ काय?
(आ) 'डुलाली' हा शब्द कोणत्या गावाच्या नावावरून आला?
(इ) भाताची लावणी करताना छत्री का चालत नाही?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उन्हाळ्यासाठी हॅट निवडताना कोणत्या चार गोष्टी पाहाव्यात?
(आ) उष्माघात झालेल्या माणसाला तुम्ही कशी मदत कराल?
३. 'टोपी घालणे' या वाक्प्रचाराचा 'फसवणे' असाही अर्थ होतो. दोन्ही अर्थ दिसतील अशी दोन वाक्ये तयार करा.
४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले कपड्यांविषयीचे पाच शब्द शोधून लिहा.