मुलांना शौर्य कसं सांगावं? – अहिल्याबाईंचा पाठ



मुलांना विचारून बघा, "शूर कोण?" उत्तर ठरलेलं: घोडा, तलवार, लढाई. ते चूक नाही. पण आपण एवढंच शिकवलं, तर मूल मनात म्हणतं, "आता कुठे लढाई आहे? मग मला काय त्याचं?" आणि शौर्य पुस्तकातच राहतं. म्हणून या आठवड्याच्या घरच्या अभ्यासाला पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर घेऊ या.

*आधी गोष्ट सांगा*
जन्म १७२५, गाव चौंडी. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये आधार असलेले सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव गेला. इथे थांबा. घाई करू नका. मुलांना विचार करू द्या.

मग पुढचं सांगा. त्याच १७६७ साली बाईंनी राज्याचा कारभार हाती घेतला आणि १७९५ पर्यंत, म्हणजे २८ वर्षं, महेश्वरहून तो सांभाळला. सैन्याची जबाबदारी तुकोजीरावांवर दिली. विणकरांना आश्रय देऊन महेश्वरी लुगड्यांचा धंदा उभा केला. १७८० मध्ये काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा बांधलं. काशी, गया, सोमनाथ ही काही होळकरांच्या राज्यातली गावं नव्हती. तरी तिथे येणाऱ्या अनोळखी यात्रेकरूंची सोय त्यांनी पाहिली.

*मग तीन प्रश्न विचारा*
१. अहिल्याबाईंना रडू आलं असेल का? (आलंच असेल. रडणारा माणूस भित्रा नसतो, हे मुलांना आपल्या तोंडून ऐकू द्या.)
२. ज्यांना आपण ओळखतही नाही, त्यांच्यासाठी काम करायला धैर्य का लागतं?
३. आपल्याला भीती वाटते, पण करायला हवं, असं तुझं एक काम कोणतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी आई-बाबांनी, आजी-आजोबांनी द्यावं. मोठ्यांनाही भीती वाटते हे कळलं की मुलं आपोआप बोलती होतात.

*एक पथ्य पाळा*
"बघ, त्या कशा होत्या आणि तू बघ!" असं कधीही म्हणू नका. थोर माणसाशी तुलना केली की मूल खचतं, आणि ते थोर नावही त्याला नकोसं होतं. चरित्र हा दिवा आहे, वाट दाखवायला. त्याची छडी करायची नाही.

*आठवड्याचा गृहपाठ*
प्रत्येक मुलाने एकच धैर्याचं काम निवडावं. वर्गात एकट्या बसणाऱ्या मुलाजवळ जाऊन बसणं. हातून वस्तू फुटली तर स्वतःहून सांगणं. न समजलेलं गणित बाईंना सर्वांसमोर विचारणं. काम छोटं असलं तरी चालेल, पण ते मुलाने स्वतः निवडलेलं हवं.

रविवारी सगळे एकत्र बसा आणि काय झालं ते ऐका. जमलं नसेल तरी रागावू नका; पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच काम. अहिल्याबाईंचा कारभारही असाच रोजच्या रोज चालला होता, २८ वर्षं.